उपवासाला मासे: अमेरिकेतले कॅथलिक समजून घेताना

मार्चमधला शुक्रवार, संध्याकाळचे पाच. क्लीव्हलंडजवळच्या आमच्या गावात चर्चच्या शाळेच्या जिमबाहेर रांग लागलेली असते. बर्फ अजून पुरतं वितळलेलं नसतं, तरी माणसं कोटाच्या खिशात हात घालून गप्पा मारत उभी. आत बास्केटबॉलच्या कोर्टावर लांबच लांब टेबलं, वर पांढरा कागद अंथरलेला. मागे सत्तरीचे पाच-सहा आजोबा तापलेल्या तेलासमोर उभे राहून पिठात बुडवलेले कॉडचे तुकडे तळत असतात आणि शाळेतली पोरं ट्रे घेऊन पळत असतात. बरोबर कोबीचं गोडसर कोलस्लॉ आणि पिरोगी. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेली आणि मग कांद्याबरोबर लोण्यात परतलेली पोलिश करंजी.

पहिल्या वर्षी मी शेजारच्या आजोबांना विचारलं, हा कसला सण? ते म्हणाले, "सण कसला, उपवास आहे."

मी कोकणातली. श्रावण लागला की घरातले मासे बंद, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. उपवास म्हणून मासे खायचे, तेही तळून, सोबत बिअर घेऊन, हे पचायला मला दोन शुक्रवार लागले.

नियम असा आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला लेंट म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. त्या दिवशी ऑफिसात काहींच्या कपाळावर काळा क्रूस दिसतो. "तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय" असं चुकूनही सांगू नका, मी सांगून बसले आहे. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. या काळातल्या शुक्रवारी चौदा वर्षांवरच्या कॅथलिकांनी मांस खायचं नाही, कारण येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार. मात्र चर्चच्या जुन्या हिशोबात मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यापक्ष्यांचं. पाण्यातलं चालतं. २०१० साली न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांना कुणीतरी विचारलं, ॲलिगेटर चालेल का? त्यांनी लेखी उत्तर दिलं की हो, तो माशांतच मोडतो. आणि उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये जो मार्डी ग्रा साजरा होतो, तो आपल्या गटारीचा सख्खा भाऊ शोभेल.

१९६६ पर्यंत हा नियम वर्षभर दर शुक्रवारी लागू होता. त्याचा परिणाम मॅकडोनाल्ड्सच्या पाटीवर आजही दिसतो. सिनसिनाटीच्या ज्या भागात लू ग्रोन यांचं मॅकडोनाल्ड्स होतं, तिथे वस्ती बहुतेक कॅथलिक. शुक्रवारी गिऱ्हाईक फिरकेना. त्यांनी माशाचं सँडविच बनवलं. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा स्वतःचा एक पर्याय होता, बर्गरमध्ये मांसाऐवजी अननसाची भाजलेली चकती. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवले. अननसाचा बर्गर आज कुणाला आठवतही नाही आणि फिले-ओ-फिश अजून मिळतं.

या नियमातली एक बारीक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथेच सांगते. १७ मार्चला आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिकचा दिवस येतो आणि त्या दिवशी खारवलेलं गोमांस खायची अमेरिकेत रीत आहे. २०२३ साली १७ मार्च नेमका शुक्रवारी आला. मग अनेक बिशपांनी सवलत जाहीर केली, पण प्रत्येकाने आपल्या धर्मप्रांतापुरती, आणि काहींनी दिलीच नाही. म्हणजे हद्दीच्या अलीकडे जे पाप नाही ते पलीकडे गेल्यावर नियमभंग. देशात असे दोनशेच्या जवळपास धर्मप्रांत आहेत आणि आपल्या हद्दीत बिशपाचा शब्द शेवटचा. त्यांच्यावर थेट पोप. बिशपांची राष्ट्रीय परिषद आहे, पण ती कुणाची साहेब नाही.

मराठी वर्तमानपत्रांत "अमेरिकेतले ख्रिश्चन" असा एकच गठ्ठा केलेला असतो. तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. अमेरिका घडवली ती मुख्यतः प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिश्चनांनी, आणि त्यांच्यात शेकडो पंथ आहेत. बॅप्टिस्ट वेगळे, मेथॉडिस्ट वेगळे, उद्या चार जणांनी वेगळी चूल मांडली तर तोही पंथ. कॅथलिक त्या मानाने एकसंध. प्रौढ अमेरिकनांपैकी साधारण २० टक्के, आणि एकच संस्था म्हणून पाहिलं तर देशातली सगळ्यात मोठी. वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाला यांचं बरंचसं ओळखीचं वाटेल. मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) तीच, जपमाळ तीच, संत तेच. फरक एवढाच, की गोव्यात कॅथलिक धर्म राज्यकर्त्यांबरोबर आला आणि अमेरिकेत तो बोटीच्या तळाशी, उपाशी माणसांबरोबर आला.

सुरुवातीला होते तेही मूठभर. मेरीलँड ही वसाहत १६३४ मध्ये एका कॅथलिक उमरावाच्या पुढाकाराने वसली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांत कॅथलिक एकच, चार्ल्स कॅरल. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश अमेरिकेच्या बंदरांत उतरले. मागून जर्मन, इटालियन, पोलिश. आधीच्या लोकांच्या पोटात गोळा आला. त्यांची भीती साध्या शब्दांत अशी, की या माणसांची निष्ठा रोमच्या पोपशी. हे मतदान करणार ते पाद्रीबुवा सांगेल तसं. मग लोकशाही राहिली कुठे?

भीतीवर तेल ओतलं शाळांनी. सरकारी शाळांत रोज बायबल वाचलं जाई, पण ते प्रॉटेस्टंटांचं भाषांतर. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक बिशपांनी विनंती केली की आमच्या मुलांना आमचं भाषांतर वाचू द्या. त्याची अफवा झाली की कॅथलिक शाळेतून बायबल काढून टाकणार. १८४४ मध्ये दंगली झाल्या, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली, किमान वीस माणसं मेली. एकाच धर्मग्रंथाच्या दोन भाषांतरांवरून!

त्या काळचं एक व्यंगचित्र मराठी वाचकाने मुद्दाम शोधून पाहावं. थॉमस नास्ट हा तेव्हाचा सगळ्यात गाजलेला व्यंगचित्रकार. सांताक्लॉजचं लठ्ठ, दाढीवालं रूप लोकांच्या मनात ठसवणारा हाच. १८७१ साली त्याने 'हार्पर्स वीकली'त चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'अमेरिकेची गंगा नदी'. नदीकाठी भेदरलेली शाळकरी मुलं, त्यांच्यापुढे छाती काढून उभा असलेला एक शिक्षक, आणि पाण्यातून सरपटत येणाऱ्या मगरी. नीट पाहिलं की कळतं, मगरींचे उघडे जबडे म्हणजे बिशपांच्या उंच टोप्या आहेत. मागे सरकारी शाळेची पडझड झालेली इमारत. आता यात गंगा कुठून आली? गंगेत मगरींपुढे पोरं टाकतात, अशा मिशनऱ्यांच्या गोष्टी अमेरिकेत घरोघरी माहीत होत्या. एका दगडात दोन धर्म मारले. कॅथलिकांना रानटी ठरवायला हिंदू हाताशी होतेच. (आणि त्यानंतर १३९ वर्षांनी एक आर्चबिशप सांगतो की मगरीचा भाऊबंद उपवासाला चालतो. असो.)

कॅथलिकांनी यावर शोधलेलं उत्तर म्हणजे आपलं आपण उभारायचं. १८८४ मध्ये बाल्टिमोरला देशभरचे बिशप जमले आणि ठरलं की प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीने, दोन वर्षांत स्वतःची शाळा काढायची. शाळांपाठोपाठ हॉस्पिटलं, अनाथाश्रम, विद्यापीठं. विमाही. १८८२ मध्ये न्यू हेवनच्या एका धर्मगुरूने 'नाइट्स ऑफ कोलंबस' काढलं ते मुळात घरचा कर्ता गेला तर विधवेला चार पैसे मिळावेत म्हणून. आमच्या जिममध्ये मासे तळणारे आजोबा त्याच संघटनेचे.

ही सगळी पंगत आपापल्यासाठी मांडली होती. आज तिथे जेवायला कोण बसतं? आमच्या गावच्या फिश फ्रायच्या रांगेत निम्मे कॅथलिक नसतात. शहरातल्या अनेक कॅथलिक शाळांत तीच गोष्ट, तिथे बॅप्टिस्ट कृष्णवर्णीय मुलं आणि आपली गुजराती-तेलुगू-मराठी मुलंही दिसतात. बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःसाठी जे बांधलं ते वापरात सगळ्यांचं झालं, नियम मात्र घरचेच राहिले. अमेरिकेत कॅथलिकांवरून आज जे वाद होतात त्यातले निम्मे या एका वाक्यात बसतात.

आधी शाळांचं पाहू. १९२२ मध्ये ऑरेगन राज्याने कायदा केला की मुलांनी सरकारी शाळेतच जायचं. त्यामागे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या संघटनेचाही जोर होता आणि रोख कॅथलिक शाळांवर. शाळा चालवणाऱ्या सिस्टर, म्हणजे नन, कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द केला. मूल ही निव्वळ सरकारची निर्मिती नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. आज जे पालक मुलांना घरीच शिकवतात तेही याच निकालाचा आधार घेतात. शाळा वाचल्या, पण पैशाचा प्रश्न राहिला. आपल्याकडे अनुदानित कॉन्व्हेंटच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती म्हणते की सरकारने कुठला धर्म स्थापन करायचा नाही आणि कुणाच्या धर्माचरणात आडकाठीही करायची नाही. या दोन वाक्यांत किती ओढाताण आहे पाहा. धर्माच्या शाळेला पैसे दिले तर पहिलं मोडतं, इतर खासगी शाळांना देऊन फक्त तिला वगळलं तर दुसरं. २००२ मध्ये आमच्याच क्लीव्हलंडच्या खटल्यात कोर्टाने वाट काढली की सरकारने पैसे पालकांना द्यावेत आणि कुठली शाळा ते पालकांनी ठरवावं. पुढे ओक्लाहोमातल्या कॅथलिकांनी आणखी एक पाऊल टाकून पूर्ण सरकारी खर्चाने चालणारी धार्मिक ऑनलाइन शाळा मागितली. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात एक न्यायमूर्ती बाजूला राहिल्या, उरलेल्यांत ४-४ अशी बरोबरी झाली आणि राज्याच्या कोर्टाचा नकार कायम राहिला.

गंमत म्हणजे कोर्टात दारं उघडत गेली आणि शाळा ओस पडत गेल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर कॅथलिक शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती, आता १७ लाखांच्या घरात. कारण अगदी व्यवहारी आहे. जवळजवळ फुकट शिकवणाऱ्या सिस्टर संपल्या. १९६५ मध्ये त्या देशभरात १ लाख ८० हजार होत्या, आता ४० हजारही नाहीत. पगारी शिक्षक आले, फी वाढली, लोक शहराबाहेर राहायला गेले.

हॉस्पिटलांचं उलटं झालं. ती वाढली. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेचा आकडा आहे की देशातल्या दर सात रुग्णांपैकी एकावर त्यांच्याकडे उपचार होतात. अनेक तालुकावजा गावांत दुसरं हॉस्पिटलच नाही. डॉक्टर कुठल्याही धर्माचा, पेशंट कुठल्याही धर्माचा, बिल बऱ्याचदा मेडिकेअरसारखा सरकारी विमा भरणार. पण बिशपांच्या परिषदेची नियमावली तिथे लागू. गर्भपात नाही, नसबंदी नाही, आयव्हीएफ नाही. आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीचं दुसरं सिझेरियन ठरलं होतं. तिने डॉक्टरला सांगितलं, पोट उघडताच आहात तर नळ्याही बांधून टाका. आपल्याकडे हे किती सहज होतं! डॉक्टर ओशाळून म्हणाली, वैद्यकीयदृष्ट्या तुझं बरोबर आहे, पण या इमारतीत मला ते करता येत नाही. सहा आठवड्यांनी दुसरीकडे दुसरं ऑपरेशन, दुसरी भूल, दुसरं बिल. हॉस्पिटलच्या दारावरच्या संताच्या नावाकडे तिने तोवर लक्षच दिलं नव्हतं. संस्थांना असा नकार देण्याचं संरक्षण कायद्याने १९७३ पासून आहे. चर्चचं म्हणणं, आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही ते आम्ही आमच्या छताखाली का करावं? म्हणणं खोटं नाही. पण सत्तर मैलांत दुसरं छत नसेल तर त्या बाईने काय करावं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता राजकारण. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे अध्यक्षपदाला उभे राहिलेले मोठ्या पक्षाचे पहिले कॅथलिक. हडसन नदीखालचा हॉलंड बोगदा तेव्हा नवा होता. स्मिथ निवडून आले तर तो थेट व्हॅटिकनपर्यंत खणणार, अशी अफवा पसरली. ते सपशेल हरले. १९६० मध्ये जॉन केनेडींनी टेक्सासमध्ये ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत जाऊन सांगितलं, मी अध्यक्षपदाचा कॅथलिक उमेदवार नाही. मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिकही आहे. ते थोडक्यात जिंकले. कॅथलिक मतांपैकी पाऊण वाटा त्यांना मिळाला.

त्यानंतर साठ वर्षांनी बायडन अध्यक्ष झाले तेव्हा पोप राज्य करील अशी भीती कुणी घातली नाही. तक्रार उलटी होती, की हे पोपचं पुरेसं ऐकत नाहीत. मधल्या काळात गर्भपात हा राजकारणाचा मुख्य प्रश्न झाला होता. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा निकाल आला तेव्हा कोर्टात एकच कॅथलिक होते, विल्यम ब्रेनन, आणि ते हक्काच्या बाजूने होते. २०२२ मध्ये तो हक्क काढून घेणारा निकाल लिहिला तो कॅथलिक सॅम्युअल अलिटो यांनी. तोवर नऊपैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक झाले होते, आणि विरोधी मत देणाऱ्या सोनिया सोटोमायोर याही त्यांतल्याच. तेव्हा "कॅथलिक म्हणजे अमुक बाजूचे" असं समीकरण मांडणाऱ्याने जरा दम खावा.

ते समीकरण सुटत नाही याचं कारण शिकवणुकीतच आहे. चर्च गर्भपाताच्या विरोधात आहे, समलिंगी विवाहाला मान्यता देत नाही. इथवर रिपब्लिकन खूश. पण तेच चर्च फाशीच्या विरोधात आहे, कामगार संघटनांच्या बाजूने आहे आणि स्थलांतरितांना आसरा द्या म्हणतं. इथे डेमोक्रॅट खूश. दोन्ही पक्षांत पूर्ण बसेल असा कॅथलिक नसतोच. जो तो अर्धी शिकवण घेतो आणि दुसऱ्याने सोडलेल्या अर्ध्यावरून त्याला नावं ठेवतो. २०१९ मध्ये कॅथलिक झालेले जे. डी. व्हॅन्स यांनी २०२५ च्या सुरुवातीला जुन्या धर्मशास्त्राचा हवाला देऊन सांगितलं, की प्रेमाची उतरंड असते, आधी घरचे, मग शेजारी, मग देश, मग जग. काही दिवसांतच पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहिलं, की ख्रिस्ती प्रेम असं वर्तुळा-वर्तुळांनी पसरत नसतं. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष आणि पोप यांच्यात धर्मशास्त्रावरून जाहीर चकमक! नास्ट असता तर त्याला मगरी कुठे काढाव्यात हेच कळलं नसतं.

या सगळ्यावर एक जड सावली आहे. ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, पण लेखात मावणारीही नाही. २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब'ने दाखवून दिलं की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना बिशप वर्षानुवर्षं या चर्चमधून त्या चर्चमध्ये गुपचूप हलवत होते. बोस्टनच्या कार्डिनलना, म्हणजे पोपखालोखालच्या मानाच्या धर्मगुरूंना, राजीनामा द्यावा लागला. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या चौकशीत ३०० हून जास्त धर्मगुरू आणि हजाराहून जास्त बळी समोर आले. भरपाईपायी कित्येक धर्मप्रांतांनी दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या शेजारच्या आजोबांच्या थोरल्या मुलीने तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही. शुक्रवारी मासे न्यायला मात्र ती येते, गाडीतूनच डबा घेते आणि जाते.

जुन्या आयरिश-पोलिश घरांतली अशी माणसं गळत असताना चर्च तग धरून आहे ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांच्या जिवावर. आज दर तीन कॅथलिकांमागे एकाहून अधिक हिस्पॅनिक आहे. धर्मगुरूंची टंचाई भागवायला भारतातूनही माणसं येतात. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचा तर २००१ पासून शिकागोला स्वतंत्र धर्मप्रांत आहे. ओहायोतल्या खेड्यात मक्याच्या शेतांमधलं चर्च, समोर सोनेरी केसांची म्हातारी माणसं आणि वेदीपाशी दक्षिण भारतीय हेल काढून इंग्रजीत प्रवचन देणारे फादर, हे दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही.

आणि ८ मे २०२५ ला जे कुणी कल्पलं नव्हतं ते झालं. शिकागोत जन्मलेले, गणितात पदवी घेतलेले, पेरूमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट पोप झाले, नाव घेतलं लिओ चौदावे. शिकागोत पहिला वाद झाला तो नवे पोप बेसबॉलमध्ये कब्जचे की व्हाइट सॉक्सचे यावर. (भावाने निर्वाळा दिला, व्हाइट सॉक्स.)

खरा वाद सप्टेंबरात आला, तोही त्यांच्याच राज्यात. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन कॅथलिक आहेत आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. त्यांचं घर ज्या स्प्रिंगफील्ड धर्मप्रांतात, तिथे त्यांना २००४ पासून कम्युनियन मिळत नाही, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद नाकारला जातो. त्याच राज्यात तीनेक तासांवर शिकागोच्या कार्डिनलनी ठरवलं की स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल डर्बिन यांना जीवनगौरव द्यायचा. स्प्रिंगफील्डचे बिशप उघडपणे विरोधात गेले, आणखी काही बिशप त्यांच्या मागे उभे राहिले. सेंट पॅट्रिकच्या गोमांसासारखंच हे, हद्द ओलांडली की नियम बदलतो.

पत्रकारांनी पोपना गाठलं. उत्तर इंग्रजीत आलं, दुभाषा लागला नाही. ते म्हणाले, जो म्हणतो मी गर्भपाताच्या विरोधात आहे पण फाशीच्या बाजूने आहे, तो खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही; आणि जो म्हणतो मी गर्भपाताच्या विरोधात आहे पण अमेरिकेत स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीशी सहमत आहे, तो जीवनाच्या बाजूचा आहे की नाही, मला माहीत नाही.

त्याच दिवशी डर्बिन यांनी पुरस्कार नको म्हणून कळवलं.